‘प्रेक्षकसंख्या’ या रकान्यात काय लिहायचं?

आमचा सोशल डान्स, म्हणजे कुणीही यावं आणि सगळ्यांबरोबर नाचावं असा मेळावा, आता दर महिन्याला भरतो आणि नवखेही टिकतात. पण हॉल मिळवायला भरलेल्या पहिल्या अर्जाचा राग अजून गेलेला नाही. माणसं जमली, गाणी निवडून झाली, सुरुवातीचे धडे द्यायला दोघं तयार झाली. अडलं ते ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यापाशी. पर्याय तीनच: सादरीकरण, प्रशिक्षण वर्ग, खाजगी समारंभ.

सादरीकरण म्हटलं की कलाकारांची यादी आणि प्रेक्षकसंख्या हवी. वर्ग म्हटलं की प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र. खाजगी समारंभाला दार सगळ्यांसाठी उघडं ठेवता येत नाही, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. प्रेक्षकांचा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत. शून्य लिहिलं तर उत्तर आलं, “शून्य चालत नाही.” मी सांगत राहिले की इथे बघायला कुणी येत नाही, येतो तो नाचतो. त्यावर दरवेळी तोच प्रश्न: “मग कार्यक्रम कोणाचा?” सगळ्यांचा! हे उत्तर लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

शेवटी मी अर्जाला एक पान जोडलं. त्यात असा नाच कसा असतो याचं उदाहरण म्हणून कॉन्ट्रा डान्स समजावला: जोड्या लांब रांगेत उभ्या राहतात, ‘कॉलर’ म्हणजे सूचना देणारा माणूस पुढची हालचाल पुकारतो, ६४ ठोक्यांचा फेरा संपला की प्रत्येक जोडी पुढच्या जोडीसमोर येते. अशी रांगभर अनोळखी माणसं एकमेकांबरोबर नाचतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचाच्या हॉलबद्दलही लिहिलं. १९२६ ते १९५८ या काळात तिथे काळे आणि गोरे एकाच फ्लोअरवर नाचले, तेही जेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांना वेगळं ठेवलं जात होतं.

ते पान आतल्या एका बाईंनी पूर्ण वाचलं. म्हणाल्या, “सामूहिक व्यायामाचा अर्ज भरा, पलीकडच्या खिडकीवर मिळेल.” म्हणजे वेगळा अर्ज पहिल्यापासून होता! कुणी सांगितलाच नव्हता. म्हणून आधी सगळ्या प्रकारचे अर्ज मागून घ्या.

हॉल घेण्यापूर्वी जमीन बघा. काँक्रीटवर थेट बसवलेल्या फरशीवर तासभरात गुडघे बोलायला लागतात. खालून किंचित लवचीक असलेली लाकडी जमीन मिळाली तर हॉल लहान असला तरी घ्या. दिवस एकदा ठरवला की हलवू नका, लोकांच्या सवयीत तो बसायला हवा.

जोडीदाराशिवाय येणाऱ्यांना पहिल्या अर्ध्या तासातच कुणीतरी नाचायला बोलवायला हवं, नाहीतर ते पुन्हा येत नाहीत. हे काम नेमून द्या. टँगो या जोडीने करायच्या नाचाच्या मेळाव्यात, म्हणजे मिलोंगात, तीन-चार गाण्यांचा संच असतो, त्याला तांदा म्हणतात. संच संपला की कोर्तिना नावाचा छोटा तुकडा वाजतो आणि जोड्या सुटतात. आम्ही हेच उचललं. नको असलेल्या जोडीतून सुटायला कुणाला कारण द्यावं लागत नाही. मला ही व्यवस्था फार आवडते.

हो, आणि हॉलची किल्ली, स्पीकरची जोडणी, गाण्यांची यादी हे सगळं किमान दोघांना यायला हवं. एकाच माणसावर चाललेला डान्स तो माणूस थकला की बंद पडतो.

मंजुरीची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज टाका आणि जुन्या मंजुरीची प्रत सोबत जोडा. आमचं काम त्या प्रतीवर त्याच दिवशी झालं, प्रेक्षकांबद्दल कुणी विचारलंही नाही.