महूच्या ऑर्डरचे ३६० स्लायडर

एकशेवीस माणसं, संध्याकाळी सातची वेळ, जागा महूला, आणि तिथे ओव्हन नाही. हॅम-चीज स्लायडरची, म्हणजे छोट्या पावांच्या गरम सँडविचची, ऑर्डर अशी आली की कृतीचा कागद बाजूला ठेवायचा आणि आधी वेळेचं गणित मांडायचं. इंदूरहून महू जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण संध्याकाळी राऊच्या पुढे गाडी कशी सरकेल याचा भरवसा नाही. म्हणून तासभर रस्त्याचा धरला. पावणेसहाला गाडी निघायची, म्हणजे सव्वाचारच्या सुमारास पहिली खेप ओव्हनमध्ये.

बरोबर बाकीचं खाणं होतं, त्यामुळे माणशी तीन नग पुरेसे. नुसते स्लायडरच असते तर पाच धरले असते. ३६० नगांपैकी अर्धे हॅमचे, अर्धे व्हेज अशी मागणी होती. आम्ही ती बदलायला लावली. इंदुरात हॅम खाणारा माणूस व्हेजही उचलतो, उलट कधीच होत नाही. अर्धे-अर्धे केले की व्हेजचा ट्रे आधी संपतो आणि ज्यांना दुसरं काही चालत नाही ते उपाशी राहतात. शेवटी २४ पावांच्या पंधरा लाद्या ठरल्या: सात हॅमच्या, सात पनीरच्या, एक जैन.

स्लायडर सुटे भरायचे नसतात, अख्खी लादी भरायची असते. अमेरिकेत यासाठी गोडसर हवाईयन रोल वापरतात. आपला नेहमीचा पाव चालतो, पण तो फिका आणि फार जाळीदार असतो, लोणी लगेच पिऊन टाकतो. त्यामुळे पीठच वेगळं मळलं. एक किलो मैद्याला १२० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ४० ग्रॅम दूध पावडर, १८ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि ५८० ग्रॅम दूध. अंडं नाही, म्हणजे एकच पीठ सगळ्या लाद्यांना चाललं. ४५ ग्रॅमचे गोळे, चार गुणिले सहा, ३० बाय ४० सेंटीमीटरची लादी. एकूण नऊ किलो मैदा लागला. डिसेंबरातली रात्र गार असते, पीठ वर यायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ घेतं. यीस्ट वाढवून घाई करण्यापेक्षा दूध कोमट घेतलेलं बरं, नाहीतर पावाला आंबूस वास राहतो.

पाव आदल्या संध्याकाळीच भाजून ठेवले. ताज्या पावाचं कौतुक इथे उपयोगाचं नाही. कोमट पावातून करवती सुरी ओढली की आतला मऊ भाग फाटतो आणि लादीचे दोन थर सरळ निघत नाहीत. रात्रभर कापडात गुंडाळून ठेवलेली लादी आडवी कापली की वरचं झाकण अखंड हातात येतं. खालचा भाग वरच्यापेक्षा किंचित जाड ठेवायचा, ओझं त्याच्यावर असतं. मग त्याला आतून पातळ बटर लावून १८० अंशांवर चार-पाच मिनिटं कोरडं भाजायचं. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि ‘खालून ओला लागतो’ अशी तक्रार आली की समजावं, इथे आळस झाला.

त्या दिवशी खरी परीक्षा हॅमने घेतली. आमच्याकडे ते मुंबईहून गोठवलेलं येतं. एकूण पाच किलोची पाकिटं रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात सुटायला ठेवली होती, सकाळी उघडली तर प्रत्येक पाकिटात पाणी साचलेलं. हॅम मुरवताना मिठाचं पाणी सुईने आत सोडतात. हलक्या मालात ते पाणी जास्त भरलेलं असतं, आणि गोठताना बर्फाच्या कणांनी मांसाचे तंतू फाटले की सुटताना सगळं बाहेर येतं. भट्टीवरचा पोरगा एक चकती उचलून म्हणाला, “भिया, ये तो निचोड़ना पड़ेगा।” पिळायचं नव्हतं, पण मुद्दा त्याचा बरोबर होता. नमुन्याला चार पावांचा तुकडा तसाच भरून भाजला. तळ भाजलेला असूनही दहा मिनिटांत खालचा पाव लगदा झाला.

मग चकत्या सुट्या करून जाळीवर पसरल्या, मलमलच्या कापडाने दोन्ही बाजूंनी टिपल्या आणि एक थर जाळीसकट १२० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवला. कडा जरा आक्रसल्या, पाणी सुटून खालच्या ट्रेत पडलं. पुन्हा टिपलं, गार केलं आणि लगेच फ्रिजमध्ये. असं थराथराने सगळं हॅम काढलं. पाच किलोचं साडेचारच्या आसपास राहिलं, म्हणजे अर्धा किलो पाणी पावात जाण्याऐवजी मोरीत गेलं. गरज ४ किलो २०० ग्रॅमची होती, नगाला २५ ग्रॅम. बरोबर मोजून मागवलं असतं तर एक लादी कमी पडली असती. गोठवलेलं हॅम दहा-पंधरा टक्के जास्तच घ्यावं.

भरण्याचा क्रम ठरलेला: भाजलेला तळ, चीज, हॅम, पुन्हा चीज, झाकण. चीज खालीही हवंच, वितळून तेच पावाला ओलाव्यापासून वाचवतं. २० ग्रॅमच्या चौकोनी स्लाइस, बारा खाली, बारा वर. कडेला दोन बोटं जागा मोकळी सोडायची, चीज वितळून तिथवर पोचतं. कडेपर्यंत लावलं तर ट्रेवर ओघळून जळतं. हॅम सपाट अंथरायचं नाही, सैल घड्या करून ठेवायचं. सपाट थराला दात लागला की अख्खी चकतीच बाहेर ओढली जाते. चीज कोणतं यावर बेकरीवाल्यांत वाद आहेत. चवीला स्विस किंवा चेडार सरस, मान्य. पण गर्दीसाठी मी प्रोसेस्ड स्लाइसच घेतो. कारण संध्याकाळी कामाला आलं, ते पुढे येतंच.

वरून ओतायच्या बटरचं लादीमागे प्रमाण असं: १२० ग्रॅम बिनमिठाचं बटर, २० ग्रॅम मोहरी, १० मिली वूस्टर सॉस, १५ ग्रॅम गूळ, चमचाभर सुक्या कांद्याची पूड, १५ ग्रॅम खसखस. पिवळं खारं बटर घ्यायचं नाही. हॅम खारट, चीज खारट, त्यावर बटरही खारट झालं की दुसरा नग कोणी उचलत नाही. मोहरी बाटलीतली न घेता फेसून घेतली. वाटलेली मोहरी गार पाण्यात भिजवून दहा मिनिटं थांबायचं, झणका चढला की मगच व्हिनेगर घालायचं. गरम पाणी किंवा आधीच आंबट घातलं तर झणका चढतच नाही, नुसता कडवटपणा उरतो. खसखशीची आपल्याकडे चैन आहे. नीमच-मंदसौरची अफूची शेती माळव्यातलीच, त्यामुळे ताजा माल हाताशी असतो. तरी घेताना चावून पाहावी, खवट एका दाण्यात कळते.

व्हेज लाद्यांना वूस्टर सॉस चालत नाही. मूळ सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात, आणि बाटलीवर हिरवा ठिपका आहे की नाही हे फारसं कोणी बघत नाही. त्याऐवजी सोया सॉस, चिंचेचा कोळ आणि गूळ वापरला. परदेशी चीजचंही तसंच, काहींत दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. पनीरच्या ३० ग्रॅमच्या वड्या तव्यावर कोरड्या शेकल्या, पातेल्यात रचून मधल्या वाटीत पेटता कोळसा आणि तूप घालून धुंगार दिला. पाच मिनिटं पुरे, जास्त झाला की पनीर औषधासारखं लागतं. सिमला मिरची भाजून, पाणी निथळून मगच आत.

जैन लादीत भुट्ट्याचा कीस, म्हणजे किसून दुधात शिजवलेलं कणीस घातलं, आलं-लसूण-कांदा वगळून; वरच्या बटरातली कांद्याची पूडही गाळली. डिसेंबरात पावसाळ्यातलं पांढरं कणीस मिळत नाही आणि स्वीट कॉर्नमध्ये स्टार्च कमी, त्यामुळे कीस आळतच नाही. दूध निम्मं केलं, किलोला दोन चमचे मक्याचं पीठ भुरभुरलं आणि कढईच्या कडेने तूप सुटेपर्यंत परतलं. या लादीचा ट्रे, सुरी, ब्रश सगळं वेगळं. ओव्हन दोन डेकचा, दोन्ही कप्प्यांची हवा स्वतंत्र. वरचा व्हेजला, खालचा हॅमला. उलट कधी करत नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी व्हेजच्या पहिल्या चार लाद्या वरच्या डेकमध्ये गेल्या. हॅमच्या लाद्या भरलेल्या, पण बटर न ओतलेल्या, फ्रिजमध्येच. आठ मिनिटं झाली असतील, महूहून फोन आला. “काका, पाहुण्यांची गाडी दीड तास लेट आहे. साडेआठला ठेवलं तर चालेल ना?”

न भाजलेल्या अकरा लाद्यांची चिंताच नव्हती. बटर ओतलेलं नसलं की भरलेली लादी झाकून फ्रिजमध्ये काही तास सहज थांबते. बटर आधीच ओतलेलं असतं तर ते झिरपून तळाशी थिजलं असतं. म्हणून बटर कोमट ठेवून ओव्हनच्या तोंडाशीच ओतायचं, हा आमच्याकडे नियम आहे.

पेच होता ओव्हनमधल्या चारांचा. आठव्या मिनिटाला त्या बाहेर काढणं सगळ्यात वाईट. आत जेमतेम कोमट, ५ ते ६० अंशांच्या मधलं, जंतूंना हवं तसं तापमान. ओव्हनमध्येच मंद आचेवर अडीच तास ठेवाव्यात तर पावाचे टोस्ट होणार. त्यामुळे त्या पूर्ण भाजल्या, मधोमध थर्मामीटर घालून ७५ अंश बघितले, न कापता जाळीवर उघड्या गार केल्या आणि वाफ पूर्ण गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवल्या. इथे प्रोसेस्ड चीजचा हिशेब फिटला. त्यात इमल्सिफायर क्षार असतात, ते चरबी आणि प्रथिनं धरून ठेवतात, त्यामुळे दुसऱ्यांदा तापवलं तरी तूप सुटत नाही. चेडार असतं तर तेलाचं थारोळं आणि त्यात रबर.

सहा वाजता पुन्हा सुरुवात. गार ट्रे आत गेले की डेकचं तापमान वीस-तीस अंशांनी बसतं, म्हणून १९० ला तापवून लाद्या घातल्यावर १७० वर आणला. साखर जास्त असलेला पाव १८० ला वरून काळा पडतो आणि आत चीज अजून आकसूनच बसलेलं असतं. फॉइलखाली बावीस मिनिटं, मग उघडं सात मिनिटं. फॉइलच्या आत बटर पेपर हवा, नाहीतर खसखशीचा थर फॉइलला चिकटून निघून येतो. हॅमच्या लादीचं मधलं तापमान ७४ च्या वर गेल्याशिवाय ती बाहेर येत नाही, आणि कोपऱ्यात मोजून भागत नाही. आधी भाजलेल्या चार लाद्यांना १६० वर झाकून बारा मिनिटं, उघडं पाच मिनिटं दिली आणि बटरचा हलका हात फिरवला. वरचा पापुद्रा किंचित जाड झाला होता, एवढाच फरक.

डब्यात भरण्याआधी प्रत्येक लादी पाच मिनिटं जाळीवर उघडी ठेवली. गरम लादी थेट बंद डब्यात गेली की झाकणावरची वाफ पाणी होऊन परत पावावर पडते. झाकणाच्या आत सुती कापड ताणून बांधलं, लाद्या अख्ख्याच नेल्या. तिथे पोचल्यावर मोजलं तेव्हा मधोमध ६३ अंश होतं. कापताना सुरी करवतीसारखी चालवायची नाही, पीठ कापायचा पत्रा सरळ खाली दाबायचा, मधलं चीज बाहेर येत नाही.

शेव मागणारे तिथेही निघालेच. माळव्यात त्याला इलाज नाही. आत घातली तर मऊ पडते, म्हणून वाट्यांत बाजूला ठेवली होती. अंदाजाप्रमाणे व्हेजच्या लाद्या आधी संपल्या, हॅमचे काही नग उरले. त्यांना दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह दाखवायचा नाही, पाव चिवट होतो. जाड तवा, मंद आच, वर झाकण, चार-पाच मिनिटं, आणि शेवटचं मिनिट झाकण काढून.