रांग काही हलेना!

सकाळी चहा टेबलावर ठेवला, सहज मेलक्यू (सर्व्हरवर अडकलेल्या मेलची रांग दाखवणारी कमांड) मारलं, तर स्क्रीन थांबेचना. ११ हजारांवर मेल तुंबलेले! बहुतेकांचा प्रेषक एकच, मेलर-डीमन. म्हणजे आमचाच सर्व्हर खोट्या पत्त्यांना "तुमचा मेल पोचला नाही" असं कळवत बसलेला. आणि पोस्टफिक्स, म्हणजे सर्व्हरवरचं मेल पोचवणारं सॉफ्टवेअर, पडलं गुणी बाळ, ५ दिवस मुकाट दार ठोठावत राहतं.

झालं असं की बॅकअप सर्व्हरला (मुख्य सर्व्हर बंद असला की मेल घेणारा) खऱ्या मेलबॉक्सची यादीच दिलेली नव्हती (हो, मीच विसरलो होतो). येईल तो स्पॅम आधी घरात घ्यायचा, मग परत पाठवायला धावायचं. यादी टाकली, आता दारातच ५५० ("असा मेलबॉक्स नाही" सांगणारा नकाराचा कोड) म्हणून हाकलतोय.

साफसफाईत सगळंच उडवणार होतो, तेवढ्यात अकाउंट्सच्या ताईंची तीन खरी बिलं दिसली. वाचलो!

चहावर साय धरली होती.