फार्गोच्या पोटातली नळी

जुनी गाडी तापायला लागली की सल्ला ठरलेला: इंजिन काढून टाका, डिझेल बसवा. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका घरी मलाही याच कामासाठी बोलावलं होतं. 1954 ची फार्गो पिकअप, सुताच्या व्यापाऱ्याची. एकेकाळी मिलमधली सुताची गाठोडी या गाडीतून पूर्व भागातल्या मागवाल्यांकडे जायची. मालकांनी घराच्या अंगणातच पत्र्याचं शेड टाकून गाडी नीट करायला घेतली होती. केबिनचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला होता, मागच्या हौद्याच्या फळ्या बदलल्या होत्या, आणि हे सगळं सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने. काम इतकं नेटकं होतं की बघतच राहिलो. अडलं होतं ते फक्त इंजिनपाशी.

"मिस्त्री, अर्धा तास चालली की उकळते बघा. रेडिएटर नवा टाकला, थर्मोस्टॅट बदलला. आता डिझेल इंजिन ठरवलंय, तेवढं बसवून द्या."

मी बॉनेट उघडलं. सहा सिलिंडर एका ओळीत, साइड व्हॉल्व. म्हणजे व्हॉल्व हेडमध्ये, इंजिनाच्या वरच्या झाकणात नाहीत, खाली ब्लॉकमध्येच, इंजिनाच्या मुख्य धडात, सिलिंडरच्या बाजूला. क्रायस्लर या अमेरिकन कंपनीचं हे इंजिन फार सोशिक. आवाज ऐकला, धूर बघितला, तेलाचा दाब बघितला. या इंजिनाला भंगारात घालावं असं काहीच दिसत नव्हतं. व्हरांड्यात बसलेल्या आज्जी म्हणाल्या, "आवं, तुळजापूरच्या घाटात माणसं भरून नेली, कधी तापली नाही ही. ह्यांच्या माघारी काय झालं देव जाणे."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. घाट चढणारं इंजिन सपाटीवर तापतंय, म्हणजे त्याची ताकद गेलेली नाही, त्याला पाणी पोचत नाही. मी विचारलं, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता? बोअरचं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तर लोखंडाच्या पोटात काय होत असेल?

गाडी चालू ठेवली आणि तापमान मोजायची गन हेडवर पुढून मागे फिरवली. पुढच्या सिलिंडरपाशी 82 अंश. चौथ्यापाशी 95. सहाव्यापाशी 110 च्या वर. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट ठीक असताना फक्त मागचे दोन सिलिंडर जास्त तापलेले असले, तर या इंजिनात पहिला संशय एकाच जागेवर घ्यायचा. वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकमध्ये एक लांब चपटी पत्र्याची नळी असते. तिला खाचा असतात, आणि पंपाचं थंड पाणी त्या खाचांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्वच्या, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्वच्या, बैठकींवर पडतं, अगदी शेवटच्या सिलिंडरपर्यंत. नळी सडली की पाणी पुढच्या पुढेच फिरून रेडिएटरला परत जातं आणि मागचे व्हॉल्व जळतात. बाहेरून ही नळी दिसत नाही, म्हणून ती कुणाला आठवतही नाही.

मालकांना म्हटलं, डिझेलचं नंतर बघू, आजचा दिवस मला द्या.

एप्रिल महिना, वर शेडचा पत्रा तापलेला. ग्रिल काढली, रेडिएटर काढला, पंप सोडला. पंपाच्या मागे नळीचं लंबगोल तोंड दिसलं, कडा बिस्किटासारखी भुसभुशीत. सळई वाकवून आकडा केला, खाचेत अडकवून ओढला. वीतभर तुकडा हातात आला आणि बाकीची आतच राहिली. मग घाई केली नाही. ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे प्लग काढले, आत तेल सोडलं, तासभर मुरू दिलं. लांब पट्टीच्या टोकाला आकडा वेल्ड करून घेतला. एक जण टॉर्च धरतोय, मी हळूहळू ओढतोय, आणि गंजाचे पापुद्रे निघतायत. शेवटचा तुकडा निघायला संध्याकाळ झाली. पाचव्या-सहाव्या सिलिंडरच्या बाजूच्या प्लगमधून स्क्रूड्रायव्हर घातला तर तो चिखलात रुतावा तसा रुतला. लाल गाळ आणि क्षार, ठासून भरलेले. पाण्याचा पाइप लावल्यावर अंगणात जो लाल लोंढा वाहिला तो बघून मालक खाली बसले. म्हणाले, "एवढं पोटात घेऊन ही चालत होती?"

तिथेच त्यांच्याशी बोललो. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, पट्टी आहे, प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. कुर्ल्याला ही गाडी जोडली गेली. ती कंपनी 1944 साली काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात जन्मलेले. अशी गाडी सोलापुरातच, मूळ इंजिनासकट उभी आहे, आणि ते इंजिन एका पत्र्याच्या नळीसाठी फेकायचं? मला ते पटतच नाही. शिवाय व्यवहार बघा. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार 50 वर्षांवरच्या, घरगुती वापराच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, 20,000 रुपये शुल्क, मुदत 10 वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की तो दरवाजा बंद. अशी गाडी रोज फिरवता येत नाही, पण मालकांना रोज फिरवायची नव्हतीच.

आज्जींनी तेवढं ऐकून निकाल दिला: "इंजिन हलवायचं नाही."

नवी नळी इथेच केली. जुने तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, खाचांच्या जागा पेन्सिलीने उतरवून घेतल्या आणि रेडिएटरचं काम करणाऱ्या माझ्या मित्राकडून पितळी पत्र्यात तशीच बनवून घेतली. पितळ गंजणार नाही. खाच व्हॉल्वच्या बैठकीसमोरच यायला हवी, म्हणून ती आत सरकवताना प्लगच्या भोकांतून पुन्हा पुन्हा बघितलं. मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

गाडी चालू करून तासभर उभी ठेवली. पुढे 80, मागे 86. मालकांनी गन माझ्या हातून घेतली आणि स्वतः मोजलं, मग मुलाला मोजायला लावलं. डिझेल इंजिनवाल्याला त्यांनी तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

आता ब्रेकचं काम काढलंय. डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टचे आटे उलटे आहेत, आधी कुणीतरी जोर लावून दोन बोल्ट तोडून ठेवलेत. मागचे ड्रम निमुळत्या ॲक्सलवर घट्ट बसलेत, त्यांना हातोडा लावायचा नाही, ड्रम ओढून काढायचा भारी पुलरच लागतो. तो एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे करायला टाकलाय, गुरुवारी मिळेल.