बाहुलीच्या मानेवर काय लिहिलंय?

अमेरिकेतली मामेबहीण बाहुल्यांच्या संमेलनाला जाऊन आली म्हटल्यावर आमच्या बेळगाव-शहापूरच्या आत्यानं विचारलं, "म्हणजे बाहुला-बाहुलीचं लगीन लावतात की काय गे तिथं?"

लग्न नसतं, शाळा असते. 'युनायटेड फेडरेशन ऑफ डॉल क्लब्ज' ही 1949 सालची संघटना दरवर्षी हे संमेलन भरवते. खरेदी-विक्री, बक्षिसं सगळं असतं. पण नातवंडं असलेल्या बायका वह्या उघडून चक्क तासाला बसतात, हे मला फार आवडलं. पहिला धडा असा की बाहुलीचं तोंड बघायचं नाही, मान बघायची. केसांचा टोप सरकवून मागचा शिक्का वाचायचा. अमेरिकेत 1891 पासून परदेशी मालावर देशाचं नाव घालणं कायद्यानं सक्तीचं झालं. त्यामुळे 'जर्मनी' असा शिक्का दिसला, की ती बहुधा त्यानंतरची. आणि सेल्युलॉइडची बाहुली अंगठ्यानं घासली की कापराचा वास येतो, कारण त्यात कापूरच असतो!

फोन ठेवला आणि माळ्यावरची ट्रंक उतरवली. आजीची गुलाबी बाहुली घासघास घासली. वास आला, पण डांबरगोळ्यांचा. ट्रंकेतलं सगळंच तसं वासत होतं, त्यामुळे माझी परीक्षा तिथंच बोंबलली.

खाली ठकी होती. लाकडाची, नाक झिजलेली. मानेवर शिक्का कुठला, तेलाचा डाग तेवढा. आत्यानं ती हातात घेतली मात्र, "ही गोकाकची न्हवं. आंबोली उतरून दादा सावंतवाडीला गेलेले, तवा आणलेली." मग आषाढातल्या मंगळवारी शेजारच्या कन्नड पोरींबरोबर केलेल्या मातीच्या बाहुल्यांची, गुळ्ळव्वांची, आठवण निघाली. त्यांची मान कोण तपासणार? त्या केव्हाच पाण्यात विरघळल्या. जगातल्या कुठल्याच संग्रहात त्या सापडायच्या नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही.

बहिणीनं बजावलं होतं: रंगवू नकोस, धुऊ नकोस, घरातली माणसं सांगतील ते लिहून चिठ्ठी बांध. मी पेन काढलं.

"कुठलं साल, आत्या?"

"मी मॅट्रिक नापास झाले ते."

मी लिहायला लागले, तशी तिनं माझा हात धरला. "ते नको लिहूस. नुसतं सावंतवाडी लिही."