मावशींच्या सुट्टीच्या दिवशी

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी दहा वर्षं टेक्निशियन आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबची साफसफाई करणाऱ्या मावशी एक दिवस आल्या नाहीत, गाड्या बंद होत्या, म्हणून संध्याकाळी कचऱ्याची लाल पिशवी मीच बांधायला घेतली आणि ग्लोव्हमधून खचकन सुई अंगठ्यात. लाल पिशवीत सुई असायलाच नको ना! लाल म्हणजे ग्लोव्ह, ट्यूबा, सुई काढलेली सिरिंज. सुई जाते पांढऱ्या जाड डब्यात, जो टोचून फुटत नाही. कोणीतरी घाईत टाकली होती, आमच्यातल्याच कोणीतरी.

सिनियर मॅडमनी मला लगेच नळाखाली उभं केलं, साबण लावून हात वाहत्या पाण्यात धर म्हणाल्या, पिळू नकोस, चोखू नकोस, आणि हायपो (जंतू मारायचं ब्लीच) तर अजिबात ओतू नकोस (बरेच जण ओततात, त्याने फक्त कातडी भाजते). सुई कोणाला वापरलेली काही पत्ता नाही, त्यामुळे डॉक्टरांनी पीईपी, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणूनच्या गोळ्या, सुरू केलं. ह्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, शक्यतो २ तासांत, ७२ तास उलटले की उपयोग नाही, आणि मग २८ दिवस रोज. मला पहिले आठ दिवस एवढी मळमळ होती की डबा उघडवत नव्हता. सगळे एचआयव्हीला घाबरतात, मीपण रात्र रात्र जागले, पण पॉझिटिव्ह माणसाची सुई टोचली तर एचआयव्ही होतो हजारात साधारण तिघांना, आणि हिपॅटायटिस बी, लस घेतलेली नसेल तर, शंभरात ६ ते ३० जणांना. माझे तीन डोस झालेले होते म्हणून तेवढा एक घोर नव्हता.

दोन दिवसांनी मावशी आल्या. मी विचारलं, मावशी तुम्हाला कधी टोचली का हो सुई? म्हणाल्या, "अगं तीन-चारदा टोचली असंल. धुतलं आणि लागले कामाला, कोणाला सांगायचं?" लस? नाही. ट्रेनिंग? नाही, कारण त्या कॉन्ट्रॅक्टरच्या, आमच्या स्टाफच्या यादीत नाहीत. आणि २०१६च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना ट्रेनिंग आणि मग वर्षातून निदान एकदा. सगळ्यांना म्हणजे मावशींनापण! दहा वर्षं मी त्यांच्या हातचा चहा पिते आणि हे एकदाही विचारलं नव्हतं, ह्याचं मला खरंच खूप वाईट वाटलं.

मग बोलता बोलता त्यांच्या खोकल्याचा विषय निघाला. टॉयलेट धुताना त्या उरलेलं हायपो आणि बाथरूमचं ॲसिड एकत्र ओतायच्या, डाग पटकन जातात म्हणून. अहो त्यातून क्लोरीन निघतो! तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि वाकून घासणाऱ्याच्या बरोबर नाकातोंडात जातो. बाटलीवर सगळं इंग्रजीत, त्यांनी वाचायचं कसं? आता आम्ही दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटात ठेवतो आणि वर मोठ्या मराठीत चिठ्ठी लावलीय. आणि समजा चुकून कधी वास आलाच तर पुसत बसायचं नाही, दार उघडायचं आणि आधी बाहेर पडायचं, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

त्या रात्री घरी आले तर बाबा जेवणाआधीचं इन्सुलिन घेत होते, आणि घेऊन झाल्यावर पेनची सुई त्यांनी काढून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. रोज चार सुया. इतकी वर्षं. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर! आमच्या बिल्डिंगचा कचरा जो मुलगा उचलतो तो हातानेच वेगळा करतो, ग्लोव्ह नाहीत, आणि हिपॅटायटिस बीचा व्हायरस वाळलेल्या रक्तातपण ७ दिवस जिवंत राहू शकतो. त्याला टोचली तर तो कुठे जाणार, कोण त्याला ते ७२ तासांचं समजावणार?

आता फॅब्रिक कंडिशनरची रिकामी बाटली ठेवलीय, जाड प्लॅस्टिकची (पाण्याची बाटली नको, पातळ असते, सुई आरपार येते). बाबा त्यात सुया टाकतात, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने पक्कं करून मी लॅबमध्ये नेते आणि ती पांढऱ्या डब्याबरोबर जाते. शेजारच्या काकूंनापण डायबेटिस आहे, त्यांची बाटलीही मीच नेते. तुमच्या घरी कोणी इन्सुलिन घेत असेल तर एवढं आजच करा, प्लीज, आणि जवळच्या लॅबला किंवा दवाखान्याला विचारा, बाटली घ्याल का म्हणून.

मावशींच्या लसीसाठी मला लॅबच्या मालकांशी तीनदा बोलावं लागलं. पहिला डोस झाला, महिन्याने दुसरा झाला, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी असतो, म्हणजे आता येत्या महिन्यात. तारीख मी माझ्या फोनमध्ये टाकलीय, कारण त्या म्हणतात, "दोन झाले ना, बास की."