गळके छप्पर, लांबकानी वटवाघळे आणि एक परवाना

जानेवारी 2023 मध्ये इंग्लंडच्या हेरेफर्डशर परगण्यातल्या आमच्या जुन्या घराचे छप्पर गळू लागले. बादली ठेवण्यासाठी मी पोटमाळ्यावर चढले, तेव्हा आढ्याच्या बरोबर खाली, एका रेषेत, काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या. उंदीर झाले असावेत असे आधी वाटले. पण कागदात धरून दाबताच त्यांचा कोरडा भुगा झाला आणि त्यात कीटकांच्या कवचांचे चकचकीत कण दिसले. उंदराच्या लेंडीचा असा भुगा होत नाही. जवळच पतंगांचे सुटे पंख पडले होते. रत्नागिरीजवळच्या माझ्या आजोळी कौलांखाली पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळे, राहत असत, त्यामुळे हे घर कोणाचे आहे हे ओळखायला मला वेळ लागला नाही.

छप्पर पाहायला आलेल्या पहिल्या कंत्राटदाराने सुचवले की हिवाळ्यात वटवाघळे इथे नसतात, तेव्हाच स्लेटच्या फरश्या उतरवून टाकू, कोणाला कळणारही नाही. हा सल्ला किती घरांत मानला जात असेल या विचाराने मी आजही अस्वस्थ होते. ब्रिटनच्या 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार आणि अधिवासविषयक 2017 च्या नियमांनुसार वटवाघळांची वस्तीची जागा ती रिकामी असतानाही संरक्षित असते, आणि ती मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड होऊ शकतो. यामागचे कारण मला पुढे नीट समजले. त्याच माद्या वर्षानुवर्षे उन्हाळ्यात त्याच आढ्याखाली पिल्लू घालायला परततात, आणि मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. एवढ्या संथ गतीने वाढणाऱ्या प्राण्याची एक जागा गेली, तर ते नुकसान भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

वटवाघळांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या बॅट कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेच्या हेल्पलाइनला फोन केल्यावर एक प्रशिक्षित स्वयंसेविका घरी येऊन गेल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत, घाईही केली नाही. पंख आणि लेंड्या पाहून त्यांनी ब्राउन लाँग-इअर्ड, म्हणजे तपकिरी लांबकानी वटवाघूळ, असा अंदाज केला, आणि माद्यांची वसाहत निघाली तर संपूर्ण छप्पर उतरवण्यासाठी नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेचा परवाना लागेल, तो तज्ज्ञांमार्फतच मागावा लागेल, असे स्पष्ट सांगितले. मोजणी उन्हाळ्यातच करता येणार होती. तोपर्यंत छपरावर मेणकापड आणि माळ्यावर दोन बादल्या, अशी आमची व्यवस्था होती. मेणकापडही आढ्याजवळच्या फटी मोकळ्या ठेवून बांधावे लागले.

जूनमधली पहिली मोजणी मी विसरणार नाही. सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटे आधी आम्ही चौघे घराच्या चार कोपऱ्यांवर बसलो. दोघे तज्ज्ञ होते, मी आणि माझे यजमान केवळ मदतनीस. प्रथम पिपिस्ट्रेल जातीची छोटी वटवाघळे आली, शेजारच्या घरातून. 45 किलोहर्ट्झच्या आसपासचा त्यांचा आवाज, जो माणसाच्या कानाला एरवी ऐकू येत नाही, डिटेक्टर या यंत्रातून टपटप पडणाऱ्या थेंबांसारखा ऐकू येत होता. आमच्या छपरातून मात्र काहीच हलत नव्हते. लांबकानी वटवाघळे उशिरा, पुरता अंधार पडल्यावर निघतात, आणि त्यांचा आवाज इतका हलका असतो की डिटेक्टरलाही तो काही मीटरपलीकडे क्वचितच पकडता येतो. म्हणून अवरक्त कॅमेरा आढ्याकडे रोखलेला होता. साडेदहाच्या सुमारास पडद्यावर पहिली आकृती दिसली, जवळजवळ अंगाएवढे लांब कान असलेली, आणि मग एकामागून एक अशा एकोणीस. माझ्या झोपायच्या खोलीच्या छताच्या वर एकोणीस जीव दिवसभर लटकत होते आणि मला त्याची चाहूलही नव्हती.

अर्जाचे काम किचकट होते. तीन कसोट्या पार कराव्या लागतात: कामाला कायद्याने मान्य केलेले सबळ कारण हवे, दुसरा समाधानकारक पर्याय नसावा, आणि त्या प्रजातीच्या स्थितीला धक्का लागू नये. आमच्या अर्जात एका नकाशावर प्रवेशाची फट चुकीच्या बाजूला दाखवली गेली होती. ती दुरुस्त होईपर्यंत तीन आठवडे गेले.

परवाना मिळाल्यावर काम ऑक्टोबरमध्ये झाले, कारण तोवर पिल्ले उडू लागलेली असतात आणि शीतनिद्रा अजून सुरू झालेली नसते. तज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली प्रत्येक स्लेट हाताने, खालची बाजू पाहत उचलली गेली. स्लेटखाली घालायच्या आवरणाविषयीची अट सर्वांत महत्त्वाची होती. हल्ली सर्रास वापरली जाणारी, हवा खेळू देणारी कृत्रिम आवरणे वटवाघळांच्या नखांनी विसविशीत होतात आणि त्या तंतूंत अडकून ती मरतात. म्हणून जुन्या पद्धतीचे डांबरी फेल्टच घालावे लागले. आढ्याखालच्या मूळ फटी जशाच्या तशा राखल्या. आमच्या दुसऱ्या कंत्राटदाराने हे सगळे इतक्या निगुतीने केले की शेवटच्या दिवशी तोच आम्हाला फटींची रुंदी मोजून दाखवत होता.

नोव्हेंबर 2024 मध्ये एचएस2 या नव्या वेगवान रेल्वेमार्गालगत, बकिंगहॅमशरमधल्या शीपहाउस वुडजवळ, वटवाघळांसाठी बांधल्या जाणाऱ्या सुमारे एक किलोमीटर लांबीच्या आच्छादनाचा खर्च दहा कोटी पौंडांहून अधिक असल्याचे जाहीर झाले. त्या खर्चावर प्रश्न विचारणे रास्त आहे. परंतु त्यानंतरच्या चर्चेत वटवाघूळ हा विकासातला अडथळा एवढेच काय ते उरले, याचे मला वाईट वाटले. आमचे काम नऊ महिने लांबले ते आम्ही छप्पर गळेपर्यंत वर कोण राहते हे कधी पाहिलेच नव्हते म्हणून. दोन वर्षे आधी पाहिले असते, तर मोजणी वेळेत होऊन बादल्यांची गरजच पडली नसती.

काम झाल्यावर मोजणी करून कळवणे ही परवान्याची अट असते. जून 2024 मध्ये अकराच बाहेर आली आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. जून 2025 मध्ये आम्ही पुन्हा त्याच जागी बसलो. सतरापर्यंत मी मोजली; अठरावे आढ्याच्या फटीत थोडा वेळ थांबले, कान उभारले आणि सफरचंदाच्या झाडांच्या दिशेने निघून गेले.