तुम्ही विचारलंत म्हणून : वाळवंटात सायकल कशी चालवतेस?

अकोल्याला फोन लावला की मामा आधी हेच विचारतात, आणि आता ओळखीतले निम्मे लोक विचारतात, की अगं तिकडे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात, टूसॉनला म्हणे ४२-४३ डिग्री, सगळं वाळवंट, मग तू ऑफिसला सायकलने जातेस तरी कशी? मी दरवेळी "सकाळी लवकर निघते" एवढं सांगून मोकळी होते. ते खरं आहे, पण पुरतं उत्तर नाहीये, म्हणून आज नीट लिहितेय.

मी सावलीसावलीने जाते. ऑफिसला जायचे दोन रस्ते आहेत. एक सरळ, सहा पदरी, कडेला सायकलसाठी रंगवलेला पट्टा, आणि दुसरा गल्ल्यागल्ल्यांतून, जवळपास एक किलोमीटर लांबचा. मे ते सप्टेंबर मी लांबच्याच रस्त्याने जाते. सरळ रस्त्यावर संध्याकाळी पाच वाजता सिग्नलला एक मिनिट थांबून बघा, ऊन वरून लागतं ते वेगळंच, पण डांबर दिवसभर तापून ६५-७० डिग्रीला गेलेलं असतं, त्याची झळ खालून पोटऱ्यांना लागते, डोक्याला दुपट्टा बांधा नाहीतर आईने सांगितल्याप्रमाणे खिशात कांदा ठेवा, तिथे काही उपयोग होत नाही. गल्लीत वळलं की झाडं सुरू होतात. तिथली हवा फार थंड असते असं नाही, दोनचार डिग्रीचाच फरक असेल, पण अंगावरचं ऊन जातं आणि खालचा रस्ता तापलेला नसतो, म्हणून जीवात जीव येतो. सायकलवाल्याला नुसता रंगाचा पट्टा देऊन भागत नाही, वाळवंटात सावली हाच रस्ता आहे असं माझं ठाम मत झालंय.

आता पुढचा प्रश्न येतो की वाळवंटात झाडांना पाणी कुठून आणायचं. इथे वर्षाला सरासरी २८० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या माण-खटावात सुद्धा याहून जास्त पडतो. पण हिशोब करून बघा, दहा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्यावर २८० मिलिमीटर म्हणजे वर्षाला २८ लाख लिटर पाणी! त्यातलं थोडं वाफ होऊन जातं, बाकी सगळं कर्बच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या सिमेंटच्या उंच काठाच्या, कडेकडेने वाहत गटारात, तिथून कोरड्या नदीत. आणि झाडं तिथेच दोन फुटांवर तहानलेली उभी.

डनबार-स्प्रिंग नावाची इथली एक जुनी वस्ती आहे, तिथे ब्रॅड लँकेस्टर नावाचा माणूस राहतो. १९९६ पासून त्याने शेजाऱ्यांना घेऊन रस्त्याकडेला इथलीच झाडं लावायला घेतली, मेस्किट, पालो वेर्दे, आयर्नवूड. पुढे त्याने कर्बमध्ये खाच पाडून रस्त्याचं पाणी झाडाकडे वळवलं. तेव्हा ते बेकायदेशीर होतं, म्हणून ऑफिसं बंद असताना रविवारी केलं. काही वर्षांनी महापालिकेनेच रीतसर परवानगी द्यायला सुरुवात केली. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा एकदम शाळेच्या रस्त्यावरच्या भिंतीवर रंगवलेलं "पाणी अडवा, पाणी जिरवा" डोळ्यासमोर आलं. आणि आळं! संत्र्याच्या झाडाला आपण आळं करतो ना, तेच इथे रस्त्याच्या कडेला आहे, फक्त आळ्याला पाटाचं पाणी नाही तर रस्त्याचं.

माझं पहिलं झाड मेलं. मी घरासमोरच्या पट्टीत माती भरून उंचवट्यावर लावलं होतं, ठिबकची नळी जोडली होती, मी जूनमध्ये भारतात आले आणि नळी निसटली, परत गेले तर काडी. शेजारचे आजोबा म्हणाले, आधी खाली खण, झाड नंतर. मग परवानगी काढून कर्बला खाच पाडून घेतली, आत फूटभर खोल आळं केलं, तळाला पालापाचोळा, आणि मेस्किट मधोमध नाही तर काठाजवळच्या पायरीवर लावलं, म्हणजे बुंधा पाण्यात राहत नाही. जुलैत पहिला पाऊस आला, त्याआधी क्रिओसोटच्या झुडपांचा तो वास सुटतो, आपल्या मृद्गंधापेक्षा उग्र, आणि मी छत्री घेऊन कर्बपाशी उभी. आधी नुसता फेस आला, सिगरेटची थोटकं आली, मग गढूळ पाणी वळून आत शिरलं, दहा मिनिटात आळं काठोकाठ. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर सगळं जिरलेलं, डासांना वावच नाही. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात बादलीने वरचं पाणी घातलं, आता घालत नाही. मेस्किट आपल्या वेडी बाभळीच्याच कुळातलं आहे, पण इथे ते घरचं झाड, त्याच्या सावलीत सग्वारो निवडुंगाची रोपं जगतात. शेंगा गोड असतात, पावसाआधी गोळा करायच्या नाहीतर बुरशी लागते, दळून आणल्या की मी थालीपीठाच्या भाजणीत मूठभर घालते.

या आळ्यांचा सायकलला अजून एक फायदा आहे. काही गल्ल्यांत आळं रस्त्यात पुढे आणून रस्ता अरुंद केलाय, चौकात मधोमध झाडाचं गोल बेट केलंय, त्यामुळे गाड्या आपोआप हळू होतात, आणि मोठा रस्ता ओलांडायला सायकलवाल्यासाठी बटणाचा सिग्नल. एकाच खड्ड्यात पाणी, सावली आणि गाड्यांना लगाम, मला तर हे सगळ्यात आवडतं. याउलट पाम आणि लॉन बघून "किती हिरवं" म्हणणाऱ्यांशी मी भांडते, पामची सावली खांबाएवढी आणि लॉन पाणी पितं ते नळाचं. नदीकाठाने द लूप नावाचा दोनशेहून जास्त किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, फार सुंदर, पण बराचसा उघडा, जूनच्या दुपारी तिथे जाऊ नका.

महापौर रेजिना रोमेरो यांनी २०२० मध्ये दहा लाख झाडांचा संकल्प जाहीर केला, २०३० पर्यंत. त्याच सुमारास पाण्याच्या बिलात छोटी रक्कम धरायला लागले, ती अशा आळ्यांवर खर्च होते. मी ती आनंदाने भरते. पण शहराच्या दक्षिण भागात, जिथे कमी पगाराची माणसं राहतात आणि बसस्टॉपपर्यंत खरोखर चालत जातात, तिथे झाडं सगळ्यात कमी आहेत आणि उकाडा सगळ्यात जास्त, पहिला पैसा तिथेच गेला पाहिजे.

माझ्या रस्त्यावर अजून एक तुकडा उघडा आहे, शाळेच्या मागचा, चारशे मीटर असेल, तिथे मी अजून जोरात पायडल मारत निघते. सहा आळ्यांसाठी आम्ही गल्लीतल्या लोकांनी सह्या करून अर्ज दिलाय. मंजूर झाला तर हिवाळ्यात खणायचंय, मामा, तुम्ही यायचं म्हणत होतात ना, तेव्हाच या.